प्रोटीनवर पीएचडी, जर्मनी आणि सात वर्षांचा मुलगा

तुमचा प्रश्न परवाच वाचला. पुण्यातून बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एमएस्सी, मग सहा वर्षं नोकरी, आता जर्मनीतून पीएचडीचं पत्र. विषय प्रोटीन सिक्वेन्सचं, म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांच्या क्रमाचं, सांख्यिकी विश्लेषण. सिक्वेन्सवरून प्रोटीनची रचना ओळखणारा अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्राम आल्यावर यात काही उरलंय का, कागदपत्रांत काय अडतं, आणि सात वर्षांच्या मुलाला बरोबर न्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी २०१५ साली अशीच आले. मुलगी तेव्हा सातच वर्षांची होती. म्हणून दोन दिवस उत्तर टाळलं, आणि आता रात्री साडेअकराला लिहायला बसले आहे.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, विमा हे सगळं वकिलातीच्या पानावर आहे. ते मी सांगत बसत नाही.

आधी विषय. माझी पीएचडी जोडीने बदलणाऱ्या जागांवर होती. हजारो जीवांमधलं एकच प्रोटीन एकाखाली एक मांडायचं आणि बघायचं, की ४० व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललं की ११२ व्या जागेवरचंही बदलतं का. बदलत असेल तर प्रोटीनची घडी पडून आकार तयार झाल्यावर त्या दोन जागा बहुधा एकमेकींना चिकटून येतात. ऐकायला सोपं आहे. पण क चं ख शी जमलं आणि ख चं ग शी, की क आणि ग चंही जमल्यासारखं दिसतं, काही संबंध नसताना. ही साखळी सोडवण्याचं गणित २००९ ते २०११ च्या सुमारास बसलं आणि त्या लाटेवर मी इथे पोचले. दुसरी कटकट नातलगांची. अलाइनमेंटमधले, म्हणजे त्या एकाखाली एक मांडणीतले, सिक्वेन्स स्वतंत्र साक्षीदार नसतात, एकाच गोतावळ्यातले असतात. पणजोबांची एक लकब पाचशे पणतवंडांत दिसली म्हणून ते पाचशे पुरावे होत नाहीत. म्हणून ८० टक्क्यांहून जास्त सारखे असलेले सिक्वेन्स एका घरात धरून त्या घराला मिळून एकच मत द्यायचं. माझी पहिली दोन वर्षं हे वजन कसं द्यायचं यातच गेली.

मग ३० नोव्हेंबर २०२०. कास्प ही रचना ओळखण्याची स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. त्या दिवशी निकाल आले आणि अल्फाफोल्डचा मध्यक गुण होता १०० पैकी ९२.४. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बघत होते, शेजारी कुकर. पाच वर्षं जे केलं ते वरण शिजेपर्यंत जुनं झालं. नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. २०२४ मध्ये अल्फाफोल्ड करणाऱ्यांना नोबेल मिळालं तेव्हा लोकांनी माझंही अभिनंदन केलं, ‘तुमचाच विषय ना?’ म्हणून.

तर, उरलंय का? उरलंय. अल्फाफोल्डही अलाइनमेंटच वाचतं, म्हणजे पाया तोच सिक्वेन्सच्या आकडेवारीचा. ज्यांना ठरलेली घडीच नसते अशी प्रोटीनं, ज्यांना नातलगच सापडत नाहीत असे सिक्वेन्स, एकच अमिनो आम्ल बदललं तर काय होईल हा प्रश्न, इथे ते अजून अडखळतं. फक्त टूल चालवायला शिकून येऊ नका. ई-व्हॅल्यू (इतकं जुळणारे सिक्वेन्स निव्वळ योगायोगाने किती सापडतील तो आकडा) डेटाबेसच्या आकाराबरोबर बदलते हे न कळणारे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेले संशोधक, मी पाहिलेत. पुण्यातून आल्याचा न्यूनगंडही नको. प्रोटीनचा कुठला भाग अँटिजेनिक असेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, हे सिक्वेन्सवरून सांगणारी पुणे विद्यापीठातल्या कोळस्करांची १९९० ची पद्धत आजही वापरतात, आणि मद्रासहून १९६३ साली निघालेल्या, प्रोटीनच्या कण्याचे कोन मांडणाऱ्या रामचंद्रन आलेखाशिवाय इथे कोणी रचना तपासत नाही. ‘रामाचांड्रान’ म्हणतात, एवढंच.

करारावरची तारीख मात्र नीट वाचा. विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकऱ्यांचा एक कायदा इथे आहे: पीएचडीआधी सहा वर्षं, नंतर सहा. त्यात कायमची जागा मिळाली नाही तर त्याच मार्गाने पुढचा करार मिळत नाही. मूल असेल तर दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. माझी मदार आता त्या दोन वर्षांवर आहे. मुलीला हे अजून सांगितलेलं नाही.

कागदपत्रं. यावर मी पुस्तक लिहीन एखाद दिवशी. तुमचं लग्न झालंय, तेव्हा हे वाचाच. माझ्या पदवीवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून नुसतं माझं नाव. इथल्या कचेरीच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. शिवाय मधलं नाव इथे दुसरं स्वतःचं नाव समजतात. ‘तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला पुरुषाचं नाव का ठेवलं?’ असं खिडकीतल्या बाईंनी मला खरंच विचारलं. दोन सिक्वेन्स एका कुळातले आहेत का हे ठरवण्याचा माझा धंदा, आणि मी एकच बाई आहे हे पटवायला मला चार महिने, दोन प्रतिज्ञापत्रं आणि शपथ घेतलेला भाषांतरकार लागला. विवाहनोंदणी दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तिकडूनच करून आणा.

राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण लांबलं की जुना अजून चालू आहे असं मानणारा एक कागद देतात, त्याच्या नावातच ‘फिक्शन’ आहे. तो मागून घ्या. मी मागितला नव्हता, भेटीची तारीख येईल म्हणून थांबले. जुना परवाना संपला, देश सोडला तर परत येता आलं नसतं, आणि त्याच आठवड्यात आईचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली, वॉकर सुटला, तेव्हा मी पुण्यात पोचले. ‘तू कामात असशील,’ एवढंच म्हणाली.

एकटेपणाबद्दल विचारलंत. सवय होते. पोहे मिळतात, गणपतीत मंडळ आहे. पुढचा प्रश्न.

शाळा. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि वर्गशिक्षिका शिफारस देतात: गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूल (दहावीपर्यंतची, मधल्या पातळीची) वगैरे. २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या हातात कागद आला. शांत आहे, कष्टाळू आहे, भाषेत कमी पडते, रेआलशूल. त्या वर्षांत ही शिफारस बंधनकारक नव्हती. (गिम्नाझियुमसाठी आता नियम पुन्हा कडक झालाय, चौकशी करा.) आम्ही नको म्हणू शकत होतो. दहा मिनिटांत सही करून आलो.

त्या आठवड्यात मी थिसिसची प्रस्तावना लिहीत होते. १९७८ ची गॉर पद्धत १७ अमिनो आम्लांच्या खिडकीतून बघून मधलं आम्ल हेलिक्समध्ये (मळसूत्री वळणात) जाईल की शीटमध्ये (शेजारी-शेजारी बसणाऱ्या पट्ट्यांत) ते सांगायची, आणि शीटमध्ये जास्त चुकायची, कारण शीटचा जोडीदार दुरून येतो आणि तो खिडकीत दिसत नाही. पुढच्या परिच्छेदात १९९६ चा प्रयोग होता: ११ अमिनो आम्लांचा तोच तुकडा एकाच प्रोटीनमध्ये एका जागी घातला तर हेलिक्स होतो, दुसऱ्या जागी घातला तर शीट. हे लिहून मी शाळेत गेले आणि अडीच वर्षांच्या जर्मनवरून माझ्या मुलीचं काय होईल हे दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं. बाईंवर राग होता, बरीच वर्षं होता. मुलीचं तसं वाईट झालं नाही. रेआलशूल संपवून आता बायोटेक्नॉलॉजीच्या गिम्नाझियुमला आहे, पुढच्या वर्षी आबिटूर, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी शेवटची परीक्षा. माझ्या मराठीला ती जर्मनमध्ये उत्तर देते.

तर, मुलाला आणा. मागे ठेवू नका. आणि एक सांगते, जे नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नाही. आम्ही आलो तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, हिला पहिलीत बसवा, भाषेला एक वर्ष जास्त मिळेल. मीच हट्ट केला. तिची पुण्यात पहिली झाली होती, पाढे पंधरापर्यंत पाठ होते, माझी मुलगी पुन्हा पहिलीत कशाला, म्हणून दुसरीत घालायला लावली. तुम्हाला असं कुणी विचारलं तर पहिलीत घाला.