सोने खाणीतून किती आणि मुशीतून किती?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. देशात सोन्याच्या खाणी जवळजवळ नाहीतच, तर मग सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची इतकी माणसे परमुलखात गलाईत, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, काय करतात, आणि दहावी झालेल्या भाच्याला या धंद्यात पाठवावे का? विट्याजवळच्या गावातून जाऊन मी बावीस वर्षे तामिळनाडूत सेलमला गलाईचे दुकान चालवले, म्हणून सविस्तर लिहितो.

खाणी नाहीतच असे नाही. कर्नाटकातल्या कोलारला 1880 पासून आधुनिक पद्धतीने खोदकाम सुरू झाले आणि सुमारे 120 वर्षांत तिथून 800 टनांहून अधिक सोने निघाले. चॅम्पियन रीफ ही तिथली खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. मात्र खोली वाढत गेली तसा खडकातला सोन्याचा अंश घटला, खर्च उत्पन्नाच्या वर गेला आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी काम थांबले. आज मुख्य भिस्त रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीवर आहे. 2020 साली देशभरातल्या खाणींचे मिळून उत्पादन 1.6 टन होते. याउलट 2021 साली जुने दागिने व मोड, म्हणजे तुटकेफुटके सोने, गाळून देशात सुमारे 75 टन सोने परत मिळाले. चांदीचे गणित वेगळे आहे, कारण राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खनिजाबरोबर ती जोडउत्पादन म्हणून शेकडो टनांनी निघते.

ही मोड शुद्ध करणे म्हणजेच गलाई. दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या आमच्या मागच्या पिढ्यांनी हे काम केरळपासून बंगालपर्यंत नेले. तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, सोन्याला खात नाही, चांदीला आणि तांब्याला खातो. सारी विद्या या एका गुणावर उभी आहे. परंतु मिश्रणात सोने जास्त असेल तर ते चांदीला झाकून ठेवते आणि तेजाब आत शिरत नाही. म्हणून आधी उलट चांदीच मिसळून सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आणतात, तो रस पाण्यात ओतून दाणे पाडतात आणि मग ते तेजाबात उकळतात. तांबूस धूर उठतो, द्रव हिरवट-निळा होतो आणि तळाशी काळपट तपकिरी भुकटी उरते. ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला माती वाटते. धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवली की तिचे पिवळे सोने होते. उरलेल्या द्रवात तांब्याची पट्टी सोडली की तांबे विरघळते आणि चांदी करड्या कणांच्या रूपाने पट्टीवर धरते, त्यामुळे घातलेली चांदीही परत मिळते.

खनिजातून धातू वेगळा करताना जी रासायनिक क्रिया घडते त्याच जातीची ही क्रिया आहे, म्हणून मी याला निःसंशय धातूउत्पादन म्हणतो. आमच्या माणसांना नुसते मजूर समजले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भाच्याला जरूर पाठवा, पण दुकान स्वतः पाहून या. तो तांबूस धूर फुप्फुसे जाळतो आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी, रात्री झोपेत सुरू होतो. माझे चुलते बंद खोलीत भट्टीपाशी बसत. अखेरची वर्षे त्यांना जिना चढवत नव्हता. धूर ओढणारा पंखा, तो आम्ल मारणाऱ्या क्षाराच्या पाण्यातून धुऊन बाहेर सोडणारी टाकी आणि उंच धुराडे, या तिन्ही गोष्टी तिथे नसतील तर पगार कितीही सांगितला तरी दुसरे दुकान शोधा.