एफडीला हप्ता नसतो

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 35. बारा वर्षं वेगवेगळ्या संघांकडून कॉन्ट्रॅक्टवर बास्केटबॉल खेळले, पक्की नोकरी कुठेच लागली नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळणं थांबवलं. आता एका शाळेत कोच आहेत. महिना 22 हजार, पण 2,200 कापून हातात 19,800 येतात. त्याच ग्राउंडवर सकाळी 25 मुलांची बॅच, प्रत्येकी 800. पत्नीला 18 हजार पगार, मुलगी चार वर्षांची. प्रश्न असा: जुळे सोलापुरात 60 बाय 100 फुटांचा प्लॉट पाच वर्षांच्या करारावर 15 हजार भाड्याने मिळतोय, 10 लाख कर्ज काढून अकादमी सुरू करू का? शेवटी सहज एक ओळ: ‘वर्षाला 1 लाख 20 हजारांची एफडी चालू आहे, तीन हप्ते भरलेत, दहा भरले की विसाव्या वर्षी 24 लाख.’

एफडीला हप्ता नसतो हो. पैसे एकदाच ठेवायचे असतात. बँकेच्या काउंटरवर तुमच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली आहे. ‘12 चे 24, दुप्पट’ ऐकायला गोड. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट होण्याचा सोपा हिशेब: 72 ला साडेपंधराने भागा, परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो.

तीन हप्ते गेले ते गेले. आता सरेंडर केलीत, म्हणजे पॉलिसी मधेच मोडून पैसे मागितलेत, तर भरलेल्या 3 लाख 60 हजारांतले निम्मेही हाती येतील असं धरू नका. त्यापेक्षा पॉलिसी पेड-अप करा: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी तशीच पडून. विम्याची रक्कम 12 लाख असेल, तर विसाव्या वर्षी साधारण 3 लाख 60 हजार मिळतील. उरलेले सात हप्ते पीपीएफमध्ये टाका. सध्याच्या 7.1 टक्क्यांनी, मुदत वाढवत नेलीत तर, तोवर 22 लाख होतात. एकूण 25-26 लाख, पॉलिसी चालू ठेवलीत तर 24. फरक डोळे दिपवणारा नाही, कबूल. पण पीपीएफमध्ये वाईट वर्षी 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. ज्याची कमाई मुलांच्या फीवर, त्याला हीच सोय महत्त्वाची.

तुमच्या पश्चात घराला हे 12 लाख अडीच वर्षंही पुरणार नाहीत. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा घ्या, वर्षाला साधारण 12 ते 15 हजार. फॉर्मवर गुडघ्याचं ऑपरेशन लिहा. एजंट ‘राहू द्या, कशाला’ म्हणेल, आणि क्लेम नेमका त्यावरच अडकेल. संघाचा मेडिक्लेम कॉन्ट्रॅक्टबरोबर संपला, तेव्हा तिघांचा आरोग्य विमाही हवा.

या नव्या विम्यांच्या हप्त्याचे पैसे कुठून आणायचे? तुमचेच पडून आहेत. शाळा कापते तो 10 टक्के टीडीएस, वर्षाला 26,400. तुमच्या उत्पन्नावर कर शून्य, म्हणजे सगळा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तर. मुदत चुकली तरी 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याआधीच्या वर्षासाठी सीएकडून विलंबमाफीचा अर्ज करून घ्या.

आता प्लॉट. 13 टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता पावणेतेवीस हजार. भाडं, लाइट बिल, मदतनीस धरून महिना 50 हजार, वर्षाला 6 लाख. परीक्षा, दिवाळी, गड्ड्याची जत्रा वगळता फी नऊच महिन्यांची धरा, म्हणजे एका मुलामागे 7,200. नुसता खर्च भागायला 84 मुलं लागतात. तुमच्याकडे 25 आहेत, तीही शाळेच्या ग्राउंडमुळे. शिवाय उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सोलापुरात उघड्या कोर्टवर कोण थांबणार?

आणि टेप घेऊन मोजलंत का? कोर्ट 28 बाय 15 मीटर, भोवती 2 मीटर मोकळं हवं. तुमच्या प्लॉटमध्ये बेसलाइनमागे जेमतेम सव्वा मीटर उरतो. बास्केटकडे धावत ले-अप मारून पोरगं थेट कंपाउंडला धडकेल. पाच वर्षांनी करार संपला की स्लॅब आणि अ‍ॅक्रिलिक मालकाचं. लीग परत येईल, हेड कोच होईन, हे पत्रातलं स्वप्न हिशेबात धरू नका. यूबीए ही बास्केटबॉल लीग 2015 मध्ये आली आणि 2017 नंतर दिसली नाही.

शाळेकडे संध्याकाळचे दोन तास भाड्याने मागा, लाइटचा खर्च तुमचा. 50 मुलं वर्षभर टिकली, तर प्लॉटचं पुन्हा विचारा.

चौथ्या हप्त्याच्या आधी शाखेत जाऊन सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही आकडे लेखी घ्या. मग खात्यावरचं ऑटो-डेबिट बंद करा, नाहीतर पेड-अप ठरवूनही 1 लाख 20 हजार आपोआप वळते होतील.