नॉरफोकचे दोन ‘पहिले’ ड्यूक

प्रश्न : मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाची व्यवस्था ‘अर्ल मार्शल’ या नात्याने अठराव्या ड्यूक ऑफ नॉरफोक यांनी पाहिली, असं वाचलं. त्यांच्या हॉवर्ड घराण्याची माहिती काढायला बसलो आणि गोंधळून गेलो. एका पुस्तकात पहिला ड्यूक म्हणून १३९७ सालचा थॉमस मोब्रे आहे, तर दुसऱ्यात १४८३ चा जॉन हॉवर्ड. पहिले दोन कसे असतील? शिवाय हीच पदवी सारखी जाते आणि परत येते, ती कशी?

उत्तर : तुमची दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. आकडे जुळत नाहीत म्हणून वाचक पुस्तकावर संशय घेतात. खरं तर आधी सनद पाहायला हवी. इंग्लंडमध्ये अशी पदवी राजाच्या सनदेने मिळते आणि ती पुढे कोणाकडे जाईल हेही त्या सनदेतच लिहिलेलं असतं. ‘त्याच्या शरीरापासून झालेले पुरुष वारस’ ही तिथली ठरलेली अट. म्हणजे मुलगा, त्याचा मुलगा, त्याची शाखा खुंटली तर धाकट्याची शाखा. मूळ पुरुषापासून निघालेली पुरुषांची साखळी संपली की सनद संपते. पुढच्या राजाने तेच नाव दुसऱ्याला दिलं तर ती नवी सनद, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

मोब्रे घराण्याचे चार ड्यूक झाले. चौथा जानेवारी १४७६ मध्ये वारला. मागे एकच अपत्य राहिलं, तीन वर्षांची मुलगी अ‍ॅन. सनदेप्रमाणे तिला पदवी मिळणार नव्हती, पण जमीनजुमला मात्र तिचाच होता आणि तो प्रचंड होता. राजा चौथा एडवर्ड याने १५ जानेवारी १४७८ रोजी वेस्टमिन्स्टरला आपल्या धाकट्या मुलाशी, रिचर्डशी, तिचं लग्न लावलं. नवरी पाच वर्षांची, नवरा चार वर्षांचा. १४८१ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅन गेली, तेव्हा तिला नववं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. खरं तर आता मालमत्ता मोब्रेंच्या जवळच्या नातलगांकडे जायला हवी होती. राजाने पार्लमेंटकडून कायदा करून घेतला आणि ती आपल्या मुलाच्याच हाती ठेवली.

ज्यांचा हक्क डावलला गेला त्यांच्यात जॉन हॉवर्ड होता. त्याची आई पहिल्या मोब्रे ड्यूकची मुलगी. म्हणजे हॉवर्डांचा नॉरफोकवरचा दावा एका बाईच्या पोटचा होता, हे लक्षात ठेवा. पुढच्या पाचशे वर्षांत या घराण्यातल्या मुलींना जे मिळालं नाही, ते वाचताना मला ही गोष्ट दरवेळी आठवते. एडवर्ड वारल्यावर तिसऱ्या रिचर्डने सिंहासन घेतलं आणि २८ जून १४८३ रोजी जॉन हॉवर्डला ड्यूक केलं. आजची मोजणी या दिवसापासून आहे. अ‍ॅनचा छोटा नवरा म्हणजे ‘टॉवर’मधून, लंडनच्या त्या किल्लेवजा तुरुंगातून, नाहीसे झालेल्या दोन राजपुत्रांमधला धाकटा. अ‍ॅनची शिशाची शवपेटी मात्र १९६४ मध्ये पूर्व लंडनमधल्या स्टेपनी इथे खोदकाम करणाऱ्या मजुरांना सापडली. पुढच्या वर्षी तिला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुन्हा पुरलं.

आता पदवी जाण्या-येण्याविषयी. यातला कळीचा शब्द आहे ‘अटेंडर’. राजद्रोहाबद्दल ही कारवाई झाली की माणसाचा जीव, जमीन आणि पदवी तर जायचीच, पण त्याचं रक्त ‘दूषित’ ठरायचं. त्याच्यामार्फत मुलांना काहीच वारशाने मिळत नसे. जॉन हॉवर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत राजा रिचर्डच्या बाजूने लढताना पडला. जिंकलेल्या सातव्या हेन्रीने त्याच्यावर मरणोत्तर अटेंडर लावला. त्याचा मुलगा थॉमस त्याच लढाईत पकडला गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ टॉवरमध्ये राहिला. १४८९ मध्ये त्याला ‘अर्ल ऑफ सरे’ ही ड्यूकपेक्षा खालची पदवी एवढीच परत मिळाली. ड्यूकपद मिळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या मैदानावर, सत्तरीच्या या म्हाताऱ्याने स्कॉटलंडच्या सैन्याचा धुव्वा उडवला. त्यांचा राजा चौथा जेम्स तिथेच मारला गेला. फेब्रुवारी १५१४ मध्ये तो दुसरा ड्यूक झाला. हॉवर्डांच्या कुलचिन्हात आजही स्कॉटलंडचा सिंह आहे आणि त्याच्या तोंडात बाण रुतलेला आहे. हा मान फ्लॉडनसाठी दिलेला.

तिसरा ड्यूक म्हणजे अ‍ॅन बोलिन आणि कॅथरीन हॉवर्ड या आठव्या हेन्रीच्या शिरच्छेद झालेल्या दोन राण्यांचा मामा आणि काका. त्याच्यावर १५४७ च्या जानेवारीत अटेंडर झाला. २८ तारखेच्या सकाळी त्याला मारायचं ठरलं होतं आणि त्याच रात्री, उजाडायच्या आत, राजा हेन्री मेला. शिक्षा अमलात आलीच नाही. म्हातारा साडेसहा वर्षं टॉवरमध्ये होता. १५५३ मध्ये राणी मेरी आली तेव्हा पार्लमेंटने तो अटेंडर मुळातच रद्दबातल ठरवला. हा फरक महत्त्वाचा. अटेंडर रद्द होतो तेव्हा नवी सनद लागत नाही आणि क्रमांकही बदलत नाही.

चौथा ड्यूक, तिसऱ्याचा नातू. स्कॉट्सची राणी मेरी हिच्याशी लग्न करण्याच्या बेतात आणि राणी एलिझाबेथला हटवण्यासाठी रचलेल्या रिडॉल्फीच्या कटात तो अडकला. एलिझाबेथने त्याच्या मृत्यूचा हुकूम सही करून अनेकदा मागे घेतला. अखेर २ जून १५७२ रोजी टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं. यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षं इंग्लंडमध्ये नॉरफोकचा ड्यूक नव्हता.

१६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स देशाबाहेरून गादीवर परतला आणि पार्लमेंटने ड्यूकपद जुन्या, १४८३ च्या ज्येष्ठतेसह बहाल केलं. ज्याला मिळालं तो पाचवा ड्यूक थॉमस मनाने आजारी होता आणि इटलीत पादुआला राहत होता. १६७७ मध्ये तो तिथेच वारला. ज्या पदवीसाठी आजोबा-पणजोबांची आयुष्यं संपली, ती त्याच्या नावावर सतरा वर्षं होती. ती आपली आहे हे त्याला किती उमगलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. मग भाऊ हेन्री सहावा ड्यूक झाला. १६७२ मध्ये अर्ल मार्शलचं पद घराण्याला वंशपरंपरेने मिळालं होतंच. राज्याभिषेकाचं काम आलं ते त्यातून.

प्रश्न : कवी हेन्री हॉवर्ड हा ‘अर्ल ऑफ सरे’ होता. तरी १५४७ मध्ये त्याचा खटला उमरावांपुढे न चालता सामान्य ज्युरीपुढे चालला. असं का?

उत्तर : प्रश्न फार नेमका आहे. तो अर्ल फक्त म्हणण्यापुरता होता. ड्यूकच्या अंगावर एकाखाली एक अशा कितीतरी पदव्या असतात. त्यातली एक थोरल्या मुलाने वडील हयात असेपर्यंत सौजन्य म्हणून वापरायची रीत आहे. पदवी कायद्याने बापाचीच राहते, मुलगा कायद्यापुढे सामान्य माणूस. हेन्रीचे वडील, तिसरे ड्यूक, तेव्हा जिवंत होते. म्हणून १३ जानेवारी १५४७ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये सामान्यांची ज्युरी त्याच्यापुढे बसली. त्याने एडवर्ड द कन्फेसर या राजाचं चिन्ह स्वतःच्या ढालीत घातलं होतं, आणि ते राजपदावर डोळा असल्याचं लक्षण धरलं गेलं. सहा दिवसांनी त्याचा शिरच्छेद झाला. वय तीसच्या आसपास. इंग्रजीत निर्यमक छंद पहिल्यांदा त्याने आणला, व्हर्जिलच्या भाषांतरासाठी. त्याच्याच मुलावर, चौथ्या ड्यूकवर, १५७२ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उमरावांपुढे खटला चालला, कारण तो खराखुरा ड्यूक होता. निकाल दोघांचा सारखाच लागला.

आज ड्यूकचा थोरला मुलगा ‘अर्ल ऑफ अरंडेल’ म्हणवतो, तेही असंच सौजन्याने.

प्रश्न : सोळाव्या ड्यूकला चार मुली होत्या. मग १९७५ मध्ये पदवी लांबच्या भावाकडे का गेली? आणि थोरल्या मुलीला ‘लेडी हेरिस’ का म्हणत?

उत्तर : सोळावे ड्यूक बर्नार्ड आठव्या वर्षी ड्यूक झाले. १९३७ आणि १९५३ चे राज्याभिषेक आणि १९६५ ची चर्चिल यांची अंत्ययात्रा त्यांनीच आखली. १९७५ मध्ये ते गेले तेव्हा चारही मुली होत्या. १४८३ च्या सनदेला मुली दिसत नाहीत. म्हणून तेराव्या ड्यूकपर्यंत मागे जाऊन, त्याच्या धाकट्या मुलाच्या शाखेतून खाली उतरावं लागलं आणि माइल्स फिट्झॲलन-हॉवर्ड सतरावे ड्यूक झाले.

पण सगळ्या पदव्या सारख्या नसतात. हेरिस ही स्कॉटलंडची जुनी लॉर्डकी. ती सोळाव्या ड्यूकना आईकडून आली होती आणि मुलगा नसेल तर थोरल्या मुलीकडे जाते. म्हणून एकाच मृत्यूने एकाच घरातल्या दोन पदव्या दोन दिशांना गेल्या. नॉरफोक चुलतभावाकडे, हेरिस थोरल्या मुलीकडे, आणि ती २०१४ मध्ये गेल्यावर तिच्या बहिणीकडे.

यात आणखी एक गाठ आहे. स्वतः माइल्स यांनाही एक पदवी आईकडून आली होती, बॅरन बोमाँट. ती सनदेची नव्हे, तर पार्लमेंटला हजर राहा असं सांगणाऱ्या राजाच्या जुन्या आज्ञापत्राची, १३०९ सालची. अशी इंग्लिश पदवी मुलींकडे जाऊ शकते, पण इथे थोरली-धाकटी हा भेद नाही, सगळ्या बहिणींचा हक्क सारखा. आणि पदवीचे तुकडे करता येत नाहीत. म्हणून ती लोंबकळत राहते, राजा कुणा एकीच्या बाजूने कौल देईपर्यंत. बोमाँट पदवी १५०७ पासून १८४० पर्यंत, म्हणजे ३३३ वर्षं, अशी लोंबकळत होती. पुढे दहावा बॅरन दोन लहान मुली मागे ठेवून गेला. तेव्हा ती पुन्हा अडकली, पण १८९६ मध्ये थोरल्या मोनाच्या बाजूने निकाल झाला. ती तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. हीच मोना माइल्स यांची आई.

मला विचाराल तर ही ‘लोंबकळणारी’ पद्धत गैरसोयीची असली तरी तिच्यात एक न्याय आहे. चार मुली चौघीही वारस आहेत, हे ती निदान मान्य करते. सनद ते करत नाही. मुलींनाही वारसा मिळावा म्हणून ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये विधेयकं मांडली गेली आहेत. ती मंजूर व्हावीत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : दत्तक मुलाला ड्यूकपद मिळतं का? आणि पदवी विकत घेता येते का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. ‘शरीरापासून झालेला’ हा शब्द दत्तकाला बाहेर ठेवतो. बाजारात विकायला येतं ते ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हे जुन्या जहागिरीच्या हक्काचं नाव. त्याने कोणी उमराव होत नाही. कोणी अशी जाहिरात दाखवली तर पैसे देऊ नका.

प्रश्न : ड्यूक नॉरफोकचे, मग किल्ला ससेक्समध्ये कसा? आणि इंग्लंडचा सर्वांत मानाचा ड्यूक कॅथलिक कसा?

उत्तर : नॉरफोक परगण्यात केनिंगहॉलला तिसऱ्या ड्यूकने मोठा वाडा बांधला होता, शेजारच्या सफोकमध्ये फ्रामलिंगहॅमचा किल्ला होता. फ्रामलिंगहॅमच्या चर्चमध्ये तिसरा ड्यूक आणि कवी हेन्री यांच्या कबरी आहेत. वेस्ट ससेक्समधला अरंडेल आला तो पुन्हा एका मुलीमुळे. मेरी फिट्झॲलन, अरंडेलच्या अर्लची वारस, चौथ्या ड्यूकची पहिली बायको. १५५७ मध्ये मुलाला जन्म देऊन काही आठवड्यांतच ती वारली. बापाचं ड्यूकपद बुडालं, तरी त्या मुलाला, फिलिपला, १५८० मध्ये आजोबांकडून अरंडेलचं अर्लपद मिळालं. फिट्झॲलन हे आडनाव मात्र घराण्याने १८४२ मध्ये अधिकृतपणे जोडलं.

फिलिप कॅथलिक झाला. १५८५ मध्ये देश सोडताना समुद्रातच पकडला गेला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला तो कधी पाहू शकला नाही. टॉवरमधल्या बीचम टॉवरच्या भिंतीवर त्याने जून १५८७ मध्ये लॅटिनमध्ये कोरलं : या जगात ख्रिस्तासाठी जितकं दुःख, तितकं परलोकात ख्रिस्तासोबत वैभव. दहा वर्षं कैदेत काढून १५९५ मध्ये तो तिथेच गेला. १९७० मध्ये पोपनी त्याला संत घोषित केलं. पुढच्या बहुतेक ड्यूकनी हा धर्म सोडला नाही. १६७८ च्या कायद्याने कॅथलिक उमरावांना लॉर्ड्स सभागृह बंद झालं ते १८२९ पर्यंत.

अरंडेलला मी एकदाच गेले. किल्ल्यापेक्षा लक्षात राहिलं ते गावातलं सेंट निकोलसचं चर्च. एकच इमारत, एकच छत, पण पूर्वेकडचा भाग ड्यूकच्या घराण्याचं कॅथलिक चॅपल आणि बाकीचं गावाचं अँग्लिकन चर्च. गावाच्या चर्चच्या एका व्हिकरने, म्हणजे पाद्र्याने, चॅपलवर हक्क सांगितला होता. १८७९-८० मध्ये न्यायालयाने ते ड्यूकची खासगी मालमत्ता असल्याचं ठरवलं. मध्ये आता लोखंडी जाळी आणि काच आहे. मी गावाच्या बाजूला उभी होते, आणि काचेपलीकडे फिट्झॲलनांच्या आणि हॉवर्डांच्या कबरी स्वच्छ दिसत होत्या.