आधी हात, मग आवड

चि. ...,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. गिटार झाली, वॉटरकलर झाले, क्रोशे झाला आणि आता मोबाइलवर कसलीशी प्रश्नावली भरून आपल्या स्वभावाला कुठला छंद जुळतो ते बघते आहेस. छंद कशाला हवा, हे मी सांगत बसणार नाही. ते तुला कळतं, म्हणूनच एवढी कासावीस झालीस. पण स्थळं बघावीत तसे छंद बघते आहेस तू. पहिल्या भेटीत मनात भरलं नाही की नकार! आवड अशी आधी येत नसते गं. ती हाताच्या मागून येते.

मी दुर्बिणीचे आरसे घासतो, म्हणून लोकांना वाटतं मला लहानपणापासून ताऱ्यांचं वेड असणार. कसलं वेड? एका मित्राची बदली झाली आणि जाताना त्याने अर्धवट घासलेली सहा इंची काच माझ्या गळ्यात मारली. पावसाळा होता, आकाश महिनोन्‌महिने दिसणार नव्हतं, म्हणून घासायला बसलो. बसलो म्हणजे उभा राहिलो. खाली एक काच, वर दुसरी, मध्ये पाणी आणि 80 नंबरची कार्बोरंडमची पूड. वरची काच पुढे-मागे ढकलायची, थोडी फिरवायची, टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. आठ फोकल रेशोच्या, म्हणजे रुंदीच्या आठपट अंतरावर उजेड एकवटणाऱ्या, सहा इंची आरशात शेवटी मधला खळगा किती होतो माहीत आहे? जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेवढ्यासाठी खांदे भरून येतात.

सुरुवातीला कंटाळाच येतो. मग कधीतरी कान जागा होतो. नवी पूड टाकली की कर्रकर्र असा कर्कश आवाज येतो, दाणे फुटत गेले की तो खाली उतरतो, आणि काच गुळगुळीत चालायला लागली की समजायचं, पूड मेली. धुवायचं आणि नवी चिमूट टाकायची. हे मला कुणी शिकवलं नाही आणि पुस्तकात वाचून ते कळलंही नसतं. पुढे 120, 220, असं बारीक बारीक जात शेवटी पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ) आणि सेरियम ऑक्साइडची मऊ पूड यांनी पॉलिश. प्रत्येक टप्प्याला टेबल, बादली, नखं, सगळं धुवायचं, कारण मागच्या पुडीचा एक दाणा राहिला तरी चरा पडतो. मग आरशाचा आकार तपासायची फुकोची चाचणी: आरशावर बारीक उजेड टाकायचा, डोळ्यासमोर ब्लेडची धार धरायची, आणि आरशावर पडणारी सावली डोळ्याने वाचायची. त्या आरशावर मिनिटभर अंगठा टेकव आणि मग बघ. अंगठ्याच्या उबेने काच फुगलेली असते आणि तो उंचवटा सावलीत चक्क टेकडीसारखा दिसतो! मला आवड लागली ती तिथे, ताऱ्यांमुळे नव्हे. पण तो अंगठा बघायला आधी पुष्कळ चिखल तुडवावा लागतो.

तुझा यावर विश्वास बसणार नाही, म्हणून अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञ कॅरोलाइन हर्शेलचं सांगतो. तिला गायिका व्हायचं होतं. इंग्लंडमधल्या बाथ गावी भावाकडे, विल्यमकडे ती गाणं शिकायला आली. भाऊही पेशाने संगीतकारच, पण त्याला आरसे घडवण्याने झपाटलं आणि घराचा कारखाना झाला. तेव्हाचे आरसे धातूचे, ओतीव. मोठ्या आरशाच्या साच्यासाठी घोड्याची लीद कुटून चाळायचं काम या बाईकडे. भाऊ सोळा सोळा तास पॉलिशवरचा हात काढत नसे, तेव्हा त्याच्या तोंडात घास भरवायचे तेही हिनेच. 1781 मध्ये त्याला युरेनस सापडला, ते सगळे सांगतात. पण या लीद चाळणाऱ्या बहिणीने पुढे 1786 ते 1797 या काळात आठ धूमकेतू शोधले. तिला कुणी प्रश्नावली भरायला दिली असती, तर तिने 'गाणे' लिहिलं असतं.

आधी हात. मी हेच म्हणत राहणार, तू कितीही वैतागलीस तरी.

शाळेत असताना मी पेटी शिकत होतो. बोटं वळेनात. 'याच्यात ते अंगच नाही,' असं मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले आणि घरच्यांनी पेटी विकून टाकली. अंग असतं की नसतं हे तेवढ्यात कसं कळतं, ते मला आजवर समजलेलं नाही. अजूनही कुणी भाता हलवला की मी खोलीतून उठून जातो.

म्हणून काच मी सोडली नाही. बँकेत बढती आली, पण बदली लांबची होती. टेबल, काचा, चाचणीची अंधारी खोली, हे सगळं उचलून कुठे नेणार? नाही म्हटलं. माझ्या हाताखालचे लोक पुढे मॅनेजर झाले. आमच्या घरात हा विषय दिवाळीला हमखास निघतो, आणि सौ.चा हिशेब चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही. मी एवढंच म्हणतो की बँकेला माझ्यावाचून काही अडलं नाही. मुलींची शिक्षणं झाली, कर्ज फिटलं. असो. तुला हे सांगायचं कारण नव्हतं.

आणि ते 'थोडं जमलं की पेज काढीन' कृपा करून डोक्यातून काढ. तीन आठवड्यांच्या गिटारीला प्रेक्षक कशाला हवेत? तू वाजवत नव्हतीस, वाजवताना कशी दिसतेस ते बघत होतीस. रागावलीस तर रागाव.

गिटारच धर, असा माझा आग्रह नाही. भाकरी थाप, सायकलचं चाक सरळ करायला शीक, काहीही. फक्त कंटाळा आला म्हणून सोडायचं नाही. तो यायचाच. आवाज ओळखता येईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतर सोडलंस तर मी एका शब्दाने बोलणार नाही.

माझ्याकडे एक कोरी सहा इंची काच आणि तिचं टूल, म्हणजे खाली ठेवायची काच, पडून आहे. हवं असेल तर रविवारी सकाळी ये. जुने कपडे घाल, नखं काप, अंगठी घरी ठेव. 80 नंबरची पूड आहे, 220 ची मागवावी लागेल, तेव्हा येणार असशील तर शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा,
काका