चवथीची सवलत आणि दुपारी मान टाकणारा फोन

गणेश चवथ तोंडावर आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताच्या, सामानाबरोबर फोनच्या जाहिरातींचाही बाजार भरतो. या महिन्यात सदराकडे आलेली बरीच पत्रे त्याच बाजाराविषयी आहेत. त्यांतील तीन येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका शाळेत शिक्षिका आहे. २०२२ च्या चवथीला २४,००० रुपयांना घेतलेला फोन आता सकाळी पूर्ण चार्ज करून नेला तरी मधल्या सुटीनंतर तासाभरात मान टाकतो आणि अधूनमधून अडखळतो. पडदा, कॅमेरा, आवाज यांबद्दल काहीच तक्रार नाही. मुलाचे म्हणणे असे की, जुना फोन बदलीत देऊन ४५,००० रुपयांचा नवा फोन ९ बिनव्याजी हप्त्यांत घ्यावा. तो खर्च मला पटत नाही, पण चार वर्षे वापरलेल्या फोनवर पैसे घालणेही शहाणपणाचे वाटत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात फोनच्या ज्या दोन तक्रारी आहेत त्या दोन्हींचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे बॅटरीत आहे. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जबरोबर थोडी थोडी झिजते आणि उष्णतेने ती झीज वाढते. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेला फोन, या दोहोंचा हिशेब बॅटरी ठेवते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून आपल्या बाजारात येणाऱ्या नव्या फोनसाठी जी अट घातली आहे ती येथे मापदंड म्हणून उपयोगी पडेल : ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यानंतरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. आपण रोज एकदा पूर्ण चार्ज करीत असाल, तर आपल्या बॅटरीने चौदाशेचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. तिने मधल्या सुटीपर्यंत साथ दिली, हेच पुष्कळ म्हणायचे.

अडखळण्याबद्दलही एक जुनी गोष्ट आठवते. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केले की, बॅटरी थकलेले जुने आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून कंपनीच त्यांचा वेग कमी करीत होती. त्या वेळी ज्यांनी बॅटरी बदलली त्यांचा फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागला. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांनी फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेतला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? आपल्या फोनमध्ये नेमके हेच घडते आहे असा माझा दावा नाही, कारण साठवणूक काठोकाठ भरली तरीही फोन रेंगाळतो. म्हणून आधी जुने व्हिडिओ आणि शाळेच्या गटांवर साठलेल्या शुभेच्छांची चित्रे काढून टाकावीत आणि मग बॅटरीकडे वळावे.

मात्र बॅटरीवर पैसे घालण्यापूर्वी एक तारीख पाहणे आवश्यक आहे. फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सुरक्षा अपडेट शेवटचे कधी आले ते लिहिलेले असते. ते अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतले असेल, तर फोन कंपनीच्या दृष्टीने अजून जिवंत आहे. ते येऊन वर्ष उलटले असेल, तर ज्या फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करता त्याच्या दाराची कडी तुटलेली आहे असे समजावे. अशा फोनमध्ये नवी बॅटरी बसवू नये. फोनचे आयुष्य दुकानातल्या नव्या मॉडेलने संपत नाही, ते या तारखेने संपते, आणि खरेदीचा सारा हिशेब याच तारखेभोवती मांडावा असे माझे स्पष्ट मत आहे.

तो हिशेब करून पाहू. २४,००० रुपयांचा फोन ४८ महिने चालला, म्हणजे महिन्याला ५०० रुपये पडले. समजा, कंपनीच्या सेवा केंद्राने बॅटरीचे २,५०० रुपये सांगितले आणि अपडेट अजून दीड वर्ष मिळणार असतील, तर पुढच्या प्रत्येक महिन्याचा खर्च १४० रुपयांच्या आत राहतो. उलट ४५,००० रुपयांचा फोन तीन वर्षांत बदलला, तर महिन्याला १,२५० रुपये पडतात. तोच सहा वर्षे वापरला तर ६२५. म्हणजे आपण नवा फोन घेतलाच, तर किती सवलत मिळाली यापेक्षा अपडेटची हमी किती वर्षांची आहे हे दुकानदाराला आधी विचारावे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ ला सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. स्वस्त फोनमध्ये ही मुदत बरीच कमी असते आणि ती खोक्यावर ठळकपणे छापलेली क्वचितच दिसते.

बिनव्याजी हप्त्यांविषयी थोडक्यात. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता. आता सामान्यतः असे होते की, बँक व्याज लावते, तेवढी रक्कम विक्रेता किंवा उत्पादक आधीच किमतीतून वजा करतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क मात्र आपल्या माथी येते. ही रक्कम फार नसते, पण ‘बिनव्याजी’ या शब्दाने ४५,००० चे ५,००० वाटू लागतात, आणि खरी किंमत आपण तेथे मोजतो. चिरंजीवांना हा कागद दाखवावा. त्यांना स्वतःला नवा फोन हवा आहे का, हेही एकदा सहज विचारून पाहावे.

प्रश्न : पूर्वी फोनचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे. आता फोन चिकटवून बंद केलेले असतात, हेडफोनचे छिद्र नाहीसे झाले आहे, आणि वर ‘सर्वांत पातळ’ म्हणून जास्त पैसे मागतात. पाण्यापासून बचावासाठी हे करावेच लागते, असे म्हापशाच्या एका दुकानदाराने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. चिकटवलेला फोन पाण्याला अडवणे आणि आतली जागा वाचवणे सोपे जाते, यात शंका नाही. परंतु झाकण उघडणारा फोन पाण्यात टिकूच शकत नाही असे कोणी म्हणाले, तर त्यास २०१४ च्या गॅलक्सी एस ५ ची आठवण द्यावी : त्याचे झाकण हाताने निघे, बॅटरी बदलता येई, आणि तरीही त्याला आयपी ६७ हे जलरोधकतेचे मानांकन होते. तेव्हा हा निसर्गनियम नसून कंपन्यांची निवड आहे.

पातळपणाचे मला कौतुक नाही. २०२५ मध्ये आलेला गॅलक्सी एस २५ एज ५.८ मिलिमीटरचा आणि आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा, त्यांपैकी पहिल्यात ३,९०० एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचे माप) बॅटरी आहे, तर त्याच मालिकेतल्या जाड अल्ट्रामध्ये ५,००० ची. म्हणजे पातळपणासाठी पैसे मोजून कमी बॅटरी घ्यायची, आणि घामट हातातून काचेची पाठ सटकू नये म्हणून दुकानातून निघताना त्यावर रबराचे जाड कव्हर चढवायचे. पातळपणा पाहतो कोण, तर कव्हर.

पाण्याबद्दल गोमंतकीय वाचकांनी विशेष सावध असावे. आयपी ६८ या त्याहून वरच्या मानांकनाची चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात होते. मिरामारच्या खाऱ्या पाण्याशी तिचा संबंध नाही. कडा सील करणारा डिंकही वर्षांनुवर्षे तसाच राहत नाही, आणि पाणी शिरल्यास दुरुस्ती बहुधा वॉरंटीत बसत नाही. चोडणच्या फेरीवर भर जुलैत रेनकोटच्या वरच्या खिशात मी ठेवलेला ‘जलरोधक’ फोन पलीकडे रायबंदरला पोचेपर्यंत कॅमेऱ्याच्या काचेआड धुके धरून बसला होता. सेवा केंद्राने चार दिवस ठेवून घेतला आणि ‘ओलावा’ एवढा एकच शब्द लिहून परत केला. तेव्हापासून पावसात मी प्लॅस्टिकची पिशवीच वापरतो.

प्रश्न : मी काणकोणचा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. एकाने दोन वर्षे वापरलेला, एके काळचा महागडा फोन मला १८,००० रुपयांत मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : त्याच किमतीच्या नव्या फोनपेक्षा तो पुष्कळदा सरस ठरतो, कारण नवेपणाची किंमत पहिल्या मालकाने मोजलेली असते. मूळ बिल मागावे. *#०६# हे अंक दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडून पाहावा, आणि के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा. फोन चोरीचा म्हणून रोखलेला असल्यास उत्तरात कळते. विकणाऱ्याने आपले खाते तुमच्यासमोर काढून फोन कोरा करून द्यावा, नाहीतर तो तुमच्या हातात कुलूपबंदच राहील. अपडेटची उरलेली वर्षे वरच्या उत्तराप्रमाणे मोजावीत आणि नव्या बॅटरीची किंमत १८,००० मधून वजा करून घासाघीस सुरू करावी. फोनची पाठ किंचित फुगलेली किंवा पडदा कडेला उचललेला दिसला, तर आतली बॅटरी सुजली आहे असे समजून तो चार्जरला न लावता तसाच परत द्यावा.