प्लेस्टेशन ५ या गेमिंग यंत्राची रचना करताना अभियंत्यांचा मुख्य विचार कोणता होता?

माझ्या मते या यंत्राचा गाभा ग्राफिक्सच्या ताकदीपेक्षा साठवणुकीत आहे. प्लेस्टेशन ४ मधील हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम ५० ते १०० मेगाबाइट माहिती वाचत असे, आणि विखुरलेली माहिती शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून एकच वस्तू, उदाहरणार्थ रस्त्यावरची टपालपेटी, गेमच्या फाइलींमध्ये अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवावी लागे. मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी २०२० च्या या यंत्रासाठी ८२५ गिगाबाइटची एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान साठवण) निवडली, जिचा मूळ वेग सेकंदाला ५.५ गिगाबाइट आहे. शिवाय संकुचित माहिती उलगडण्याचे काम स्वतंत्र हार्डवेअरकडे सोपवले, त्यामुळे तो भार मुख्य प्रोसेसरवर पडत नाही. नुसती वेगवान एसएसडी बसवून माहिती इतक्या झपाट्याने गेमपर्यंत पोचवणे साधलेच नसते, आणि म्हणूनच हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरा विचार उष्णतेचा आहे. विजेच्या वापराची मर्यादा आधीच ठरवून दिलेली असते आणि कामाच्या स्वरूपानुसार चिपचा वेग बदलतो (जीपीयूसाठी, म्हणजे ग्राफिक्स हाताळणाऱ्या भागासाठी, कमाल २.२३ गिगाहर्ट्झ). हा बदल चिपच्या तापमानावर अवलंबून नसल्यामुळे थंड खोलीतील आणि उकाड्यातील यंत्रावर गेम सारखाच चालतो.