रत्नागिरीत राहून मुलगी व्यावसायिक गोल्फपटू होऊ शकते का?

सुरुवात होईल, पण पुढे गाव सोडावं लागेल, हे आधीच सांगतो. कोकणपट्टीत नाव घ्यावं असं मैदान म्हणजे सिडकोचं खारघरचं. रत्नागिरीहून तिथे रोज कोण जाणार?

अदिती अशोकचं उदाहरण बघा. ती बंगळुरूची, पाचव्या वर्षापासून खेळणारी. २०१६ च्या सुरुवातीला व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी इंडियन ओपन जिंकून लेडीज युरोपियन टूरची (महिला व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेची) स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय ठरली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आई तिची कॅडी (गोल्फच्या काठ्यांची पिशवी सांभाळणारी साथीदार) होती. तिथे कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. नंतर हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य मिळालं.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: टोकियोत तिचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, इतरांपेक्षा बराच आखूड पडत होता, तिला तारलं पटिंगने, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडे ढकलण्याच्या फटक्याने. आणि पटिंगचा हात घरच्या सतरंजीवरही बसवता येतो! चेंडू सरळ जातो की नाही, एवढं तिथे नक्की कळतं. लांब फटक्यांसाठी मात्र सुट्टीत खारघर किंवा पुणे गाठा. खर्च बराच येतो. मुलगी टिकली, तर विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाच्या देशांतर्गत स्पर्धा ही पुढची पायरी.